विरजणाची वाटी

"म्हणजे तुम्ही बायकांना घर सोडायला शिकवता ना?" घरात मार खाणाऱ्या बायकांचं समुपदेशन करते म्हटलं की बारशाला, मुंजीला, अगदी रिक्षातसुद्धा कुणीतरी हे विचारतंच. आवाजात कधी कौतुक असतं, बहुतेकदा नसतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

माझ्यासमोर बसलेली बाई बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी त्याच घरी परत जाणार असते. मुलांची परीक्षा असते, हातात पैसा नसतो, माहेरी भावजय असते. त्यामुळे लग्न टिकवायचं की मोडायचं हा विषय आमच्या बोलण्यात फार उशिरा येतो. आधी आजची रात्र कशी निघेल ते बघायचं. आम्ही त्याला सुरक्षा आराखडा म्हणतो.

एकीला (ओळख पटू नये म्हणून दोघी-तिघींचं मिसळून सांगतेय) मी विचारलं, "आज मार बसणार हे कधी कळतं?"

"गाडी स्टँडला लावतो ना, त्या आवाजावरून."

सावकाश लावली तर ठीक, आपटली तर नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे तिच्या हातात दोन जिने.

त्या दोन जिन्यांत काय काय बसतं ते आम्ही मोजलं. दाराची कडी काढून ठेवायची. ओट्यापासून लांब व्हायचं, तिथे विळी, सुरी आणि गॅस. मोरीत तर शिरायचंच नाही, आतून कडी घातली तरी पुढे वाट नाही. एका खोलीच्या संसारात 'दुसऱ्या खोलीत जा' म्हणण्यात काही अर्थ नसतो, तेव्हा दाराच्या अंगाला राहायचं, एवढंच. आणि आठ वर्षांच्या पोराच्या हातात वाटी देऊन समोरच्या मावशींकडे विरजणाला पाठवायचं. रात्री नऊला पोरगं विरजण मागायला आलं की मावशींनी त्याला आत घ्यायचं, आणि आरडाओरडा ऐकू आला तर 112 फिरवायचा. पोराला एकच शिकवलं : मध्ये पडायचं नाही, वाटी घेऊन निघायचं.

कागदाचं मात्र मी चुकून शिकले. सुरुवातीला एकीच्या हातात छापील पत्रक दिलं होतं. नवऱ्याला ते पर्समध्ये सापडलं आणि त्या रात्रीचा मार तिला माझ्यापायी बसला. तेव्हापासून कागद घरी देत नाही, 181 हा महिलांचा मदत क्रमांक तोंडपाठ करून घेते. भरून ठेवलेली बॅगही घरात नको. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, सगळ्यांच्या झेरॉक्स बचत गटातल्या मैत्रिणीकडे. फोनचा घोळ वेगळाच. फोन नवऱ्यानं घेऊन दिलेला, व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या लॅपटॉपवर उघडं. एकदम सगळं बंद केलं तर त्याला संशय येतो, म्हणून महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या मोबाइलवरून.

आणि घर सोडण्याचं म्हणाल, तर कायदा तिला घरात राहू द्या म्हणतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कलम 17 प्रमाणे, घरावर तिचं नाव नसलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे. 'घर सासऱ्यांचं आहे' हे उत्तर पुरेसं नाही, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. कलम 19 खाली मॅजिस्ट्रेट त्यालाच घराबाहेर जायला सांगू शकतात. याच कायद्याच्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा नमुना 5 आहे. बाईला कशाची भीती वाटते, हा त्यातला एक रकाना. सरकारी फॉर्ममध्ये इतका शहाणा रकाना मी दुसरा पाहिलेला नाही. गाडीच्या स्टँडचा आवाज लिहायला जागा आहे तिथे.

काहीजणी निघतातच. मग तर आराखडा जास्त लागतो, कारण बाई निघतेय हे कळलं की, किंवा कोर्टाची नोटीस हातात पडली की, मारणारा आणखी चेकाळतो. 'बघच, मी निघाले' हे भांडणात सुनवायचं नाही. तो कामावर असताना निघायचं. कुठे उतरणार हे त्याच्या कानावर घालू शकेल अशा कुणालाही सांगायचं नाही, मग ती कितीही जीव लावणारी नणंद का असेना.

दोन जिनेवालीनं घर सोडलं का, हे तुम्ही विचारणारच. अजून नाही. परवा आली तेव्हा आधी हसलीच. मावशी वाटी रिकामी परत पाठवत नाहीत म्हणे, त्यामुळे पोरगं झोपलं की ही दही लावते. "ताई, एवढ्या दह्याचं करू तरी काय?"

मग पदराशी चाळा करत म्हणाली, "गेल्या आठवड्यात चार वेळा लावलं."

मी कपाटातून नमुना 5 काढला.