चावतो म्हटलं मी

आज सकाळी सेमिनरी हिल्सवर मी माझ्या कुत्र्याबद्दल, तिळ्याबद्दल, खोटं बोलली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं.

झालं तसं काहीच नाही. मे महिन्यात नागपुरात कुत्र्याला फिरवायचं म्हणजे पाच ते साडेसहा, नंतर डांबर तापतं, पंजे भाजतात, आणि माणसंही सगळी त्याच दीड तासात बाहेर पडतात, म्हणजे ज्यांना टाळायचं ते नेमके आपल्याच वेळेला रस्त्यावर. फुटाळा तलावावर तर जाणं कधीचंच सोडलं. आज वळणावर एक काका आले, हातात काठी, सोबत सहा-सात वर्षांची पोरगी. मला आधी तिळ्याचं तोंड दिसलं. एवढ्या गरमीत त्याची जीभ सतत बाहेर असते, ती आत गेली, तोंड गच्च बंद झालं की समजायचं, घाबरला. पट्टा सैल ठेवला (ताणला की त्याला वाटतं खरंच काहीतरी आहे), खिशातून चिकनचा तुकडा काढला, मागे वळणार तेवढ्यात पोरगी धावतच आली, "ताई, हात लावू?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, चावतो तो!"

काकांनी तिला खांद्याला धरून मागे ओढलं. "असा कुत्रा बाहेर आणताच काहून?" म्हणाले. काय उत्तर देणार, मीच तर आत्ता सांगितलं होतं त्यांना.

साडेतीन वर्षांत त्यानं कोणाला दात लावला नाही. तो घाबरतो. काठी, हेल्मेट, अंगावर वाकणारा माणूस. जवळ नको येऊ एवढंच सांगायचं असतं त्याला आणि ते तो भुंकून सांगतो. पिल्लांना माणसांची सवय लागते ती पहिल्या तीनेक महिन्यांत, आणि ते महिने त्याचे कुठे गेले ते... जाऊ दे.

पण खरं सांगून पाहिलंय ना मी. "घाबरतो हो तो" म्हटलं की लोक थांबत नाहीत, उलट पुढे येतात, अरे मला नाही काही करत, आमच्याकडेही होता, आणि सरळ डोक्यावर हात. तो भुंकला की मग सगळे माझ्याकडे पाहतात. "चावतो" म्हटलं की एका शब्दात रस्ता मोकळा. म्हणजे माझ्या कुत्र्याला जागा मिळावी म्हणून मी त्यालाच बदनाम करायचं. घरी येऊन रडली मी, खूप थकल्यासारखं झालं. बाकीच्यांचे कुत्रे तर्री पोह्याच्या ठेल्याजवळ आरामात पसरलेले असतात, आणि आम्ही तीन वर्षांपासून भिंतीच्या कडेकडेनं.

जाळीचं मझल, म्हणजे चावू नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर बांधतात ते, मार्चपासून टेबलावर आहे. कापडाचं नको, त्यात तोंड आवळलं जातं, धापता येत नाही आणि कुत्र्याचं अंग धापूनच थंड होतं, आपल्या उन्हात तर जीवावरच बेतायचं. जाळीच्यात धापतो, पाणीही पितो. आतून दही लावून त्याला सवय केली, पण बाहेर न्यायला माझं मन होत नव्हतं, कारण ते घातलं की न बोलताच "चावतो" म्हटल्यासारखं. आज मात्र मी ते बोलूनच बसली. मग जाळीनं निदान लोक लांबून जातील, आणि कोणी विचारलं तर मला खरं सांगायला वेळ मिळेल. आणि हात पुढे करून नुसतं "थांबा!" म्हणायचं. दुपारी हॉलमध्ये चार-पाचदा म्हणून पाहिलं. आवाज चढू द्यायचा नाही, तो माझ्याकडेच पाहायला लागतो.

अशा सकाळनंतर त्याला दोन दिवस साध्या बेलनंही दचकायला होतं, म्हणून आज संध्याकाळी फिरणं नाही. जुन्या चादरीत पोळीचे तुकडे गुंडाळून दिले, अर्धा तास हुंगत बसला आणि आता कूलरसमोर आडवा झालाय, मागचा पाय झोपेत हलतोय. झोपायच्या आधी टेबलाजवळ जाऊन थांबला होता. जाळी खाली धरली तर स्वतःच नाक घातलं आत आणि दही नाही म्हणून माझ्याकडे पाह्यलं.

आणलं मग दही.

उद्या नाही, परवा जाऊ. पावणेपाचलाच निघू.