‘कशाला हवंय?’ विचारणं सोडलं तेव्हा

नऊ वर्षं मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर काम करत होते. नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही, वर्गांक म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक, सभासदांची खाती सगळं हातात बसलं होतं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, हे जागेवरून न उठता सांगायचे. त्यामुळे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी माझं नाव गेलं तेव्हा वाटलं, नवं सॉफ्टवेअर शिकवतील आणि प्रमाणपत्र देतील. पण पहिल्याच आठवड्यात वेगळाच अभ्यास मिळाला. काउंटरवर वाचकांशी झालेली दहा बोलणी शब्दाला शब्द लिहून आणायची होती.

दहापैकी सात वेळा माझं पहिलं वाक्य एकच होतं, “कशाला हवंय?”

मनात वाईट काही नसायचं. पण कागदावर वाचताना ती उलटतपासणी वाटत होती. शिकवणाऱ्या मॅडमनी नीट समजावलं. ‘का’ किंवा ‘कशाला’ कानावर पडलं की माणूस सावध होतो, कारणं द्यायला लागतो आणि त्याची खरी अडचण आतच राहते. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली माहितीच्या गरजेचे चार टप्पे मांडले होते. आधी नुसती अस्वस्थता असते, जी शब्दांत सापडत नाही. मग मनाशी काहीतरी धूसर बोलता येतं. मग नेमका प्रश्न तयार होतो. आणि शेवटी, ‘यांच्याकडे काय मिळेल’ याचा अंदाज घेऊन माणूस त्या प्रश्नाची काटछाट करतो. काउंटरवर आपल्याला ऐकू येतो तो हा काटछाट केलेला प्रश्न.

त्या रात्री मला एक बाई आठवत राहिल्या. त्यांनी “हृदयावरची पुस्तकं” मागितली होती आणि मी शरीररचनेचा जाडजूड ग्रंथ पुढे ठेवला होता. त्यांनी दोन पानं उलटली, “थँक्यू” म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, घरी आणल्यावर काळजी कशी घ्यायची एवढंच त्यांना बघायचं होतं. हे मला नंतर दुसऱ्या सभासदांकडून कळलं. पुस्तक वर्गांकाप्रमाणे अचूक होतं, त्यांच्या मात्र काहीच कामाचं नव्हतं. हे शल्य अजून आहे.

ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी या अभ्यासकांनी १९८६ मध्ये संदर्भसेवेसाठी, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्यासाठी, तटस्थ प्रश्नांची पद्धत सुचवली, ती आम्ही जोड्या करून घोकली. “यातलं नेमकं काय कळलं तर तुमचं काम होईल?” “ही माहिती मिळाली की पुढे काय करायचं ठरवलंय?” आणि प्रश्न विचारला की गप्प बसायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. मला हे गप्प बसणंच सगळ्यांत जड गेलं, कारण चटकन उत्तर देणं हाच माझा अभिमान होता. त्याच वर्षी पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅकक्लूर यांचा अभ्यासही आला होता. साध्या वाचकासारखं जाऊन ग्रंथालयांत प्रश्न विचारले, तर जेमतेम ५५ टक्के उत्तरं बरोबर निघाली. तो आकडा वाचून वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

परत काउंटरवर आले. एक गृहस्थ म्हणाले, “कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?” माझा हात सवयीनं कपाटाकडे वळलाच होता. थांबले. “दाखवते ना. त्यातलं नेमकं काय कळायला हवंय?” आणि पाच मोजले. तिसऱ्या आकड्याला त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. घर रिकामं करण्याची नोटीस होती, मुदतीला नऊ दिवस उरले होते. कायद्याचा सल्ला देणं आपलं काम नाही आणि मी तो दिला नाही. पण भाडेकरूंच्या हक्कांवरची सोपी पुस्तिका काढून दिली, मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते ते शोधून पत्ता लिहून दिला. या सगळ्याला बारा मिनिटं लागली. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग ग्रंथालयाबाहेरचा होता. सभासद नसलेल्या वीस जणांशी बोलायचं आणि ग्रंथालयाचा विषय आपणहून काढायचा नाही. विचारायचं एवढंच की, तुमच्या भागात काय बदललेलं तुम्हाला आवडेल? पहिली तीन बोलणी फुकट गेली. माझ्या हातात सभासदत्वाचे अर्ज होते, लोकांना वाटलं काहीतरी खपवायला आलेय. अर्ज पिशवीत टाकले, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, मग माणसं बोलायला लागली. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा १९४९ पासून आहे. त्याच्या १९९४ आणि २०२२ च्या आवृत्त्यांत नेहमीच्या सेवेचा लाभ घेऊ न शकणाऱ्यांसाठी खास सेवा हवी, हे स्पष्ट लिहिलंय. आम्ही तो वाचला होता, पण अशा माणसांच्या दारात मी कधी गेले नव्हते.

एक आई म्हणाली, “ताई, तुमच्याकडे ‘शांतता राखा’ लिहिलंय. माझं पोरगं शांत बसत नाही. मी कशी येऊ?” आणि एक काका खालच्या आवाजात म्हणाले, “एक पुस्तक राहिलंय माझ्याकडे. सहा वर्षं झाली. दंड किती झाला असेल कोण जाणे. त्या रस्त्यानंच जात नाही आता.” दंडाच्या भीतीनं माणूस रस्ता बदलतो, हे खात्याच्या नोंदीत कधी दिसलं नसतं.

अहवालात ही दोन्ही बोलणी आहेत तशी लिहिली. ग्रंथालयाच्या समितीपुढे मांडताना, अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २०१९ मध्ये विलंबदंडाला सामाजिक विषमतेचा एक प्रकार म्हटलं आणि त्याच वर्षी शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं असा दंड बंद केला, हेही सांगितलं. दंड कायमचा काढायला समिती तयार झाली नाही. मला ते पटलेलं नाही, पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. मात्र एक महिना दंडमाफी मिळाली आणि शनिवारी सकाळी बालविभागात दोन तास मोठ्यानं वाचायला, बोलायला परवानगी मिळाली. त्या वेळेत ‘शांतता राखा’ची पाटी मी स्वतः उतरवते.

माफीच्या महिन्यात काका आले. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कोपरे जराही न दुमडलेले. मी खातं उघडून नोंद केली. ते काउंटरवरून हलेनात. मी पाच मोजले.

“आत जाऊन बघू का जरा?” त्यांनी विचारलं.

बंद व्हायच्या वेळेपर्यंत ते चरित्रांच्या कपाटापाशी उभे होते.