पडवीतला कप

आज हर्णैच्या घरी नारळ पाडायला काका आले होते. चार माड उतरून घामाने निथळत होते. मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी पडवीच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप स्वतःच काढला, विसळला आणि पुढे धरला. पोटात कालवलं. २० मार्च १९२७ ला याच कोकणात, महाडला, बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. आणि आमच्या कोनाड्यात हा कप!

आईला विचारलं. म्हणाली, "सासूबाईंनी ठेवलेला, मीही कधी काढला नाही." चुकलंच आमचं.

काकांना आत बोलावलं. उंबऱ्याशी थबकले. "ऱ्हाऊदे गो बाय, हितंच बरा." मी हात धरला. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून, आमच्याच कपातून, सावकाश प्यायले. आई दुसऱ्यांदा चहा ओतायला उठली.