तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्म्युला पाठ आहे, मग गणित का अडतं?

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरची पहिली टेस्ट झाली की हा प्रश्न येतोच. कधी मुलं विचारतात, बहुतेकदा आईवडील. "मॅडम, बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते, न्यूटनचे नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. मग मेकॅनिक्समध्येच गाडी का अडते?"

फॉर्म्युला पाठ आहे म्हणूनच अडते. गणित वाचून होण्याआधीच मुलं वहीत 'बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण' लिहून मोकळी होतात, आणि मग त्या 'बल'च्या जागी काय घालायचं ते शोधत बसतात. पेपरात जे आकडे दिसतील ते घालतात.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुरुवातीला समीकरण लिहूच देत नाही. नुसती एफबीडी, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम काढायची. वस्तू आजूबाजूच्या सगळ्यापासून सोडवून एकटी काढायची आणि तिच्यावर बाण काढायचे. प्रत्येक बाणाला एकच प्रश्न: हे बल कोण लावतंय? पृथ्वी, जमीन, दोरी, हात, स्प्रिंग, असं काहीतरी उत्तर आलंच पाहिजे. "मॅडम, हा गतीचा बाण" असं कोणी म्हटलं की तो खोडायचा. गती हे काही बल नव्हे. शेजारी दुसरी आकृती काढायची, तिच्यात फक्त वस्तुमान गुणिले त्वरण एवढा एकच बाण. मग पहिली आकृती बरोबर दुसरी. समीकरण तिथे आपसूक तयार होतं.

सगळ्यात जास्त मुलं घर्षणात घसरतात. २० किलोची पेटी, सपाट फरशी, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, आडवं ओढायचं बल ६० न्यूटन. पेटी सुरुवातीला स्थिर आहे. आता त्वरण काढा. दहातली सात मुलं ०.४ गुणिले पेटीचं वजन १९६.२ न्यूटन करून घर्षण ७८.५ न्यूटन लिहितात, ते ६० मधून वजा करतात आणि त्वरण काढतात उणे ०.९२. म्हणजे तुम्ही पेटी पुढे ओढताय आणि ती मागे पळतेय! उत्तराखाली दोन रेघा मारून पुढच्या गणिताला लागतात, हे मला जास्त लागतं. ७८.५ ही घर्षणाची कमाल मर्यादा. ६० न्यूटननं ओढलंत तर घर्षणही ६० च, आणि त्वरण शून्य. आधी पेटी घसरते का ते तपासायचं, मग पुढे जायचं.

दुसरी खोड कप्पीची. एका बाजूला ५ किलो, दुसऱ्या बाजूला ३ किलो, कप्पी हलकी आणि विनाघर्षण. दोरीतलं टेन्शन, म्हणजे ताण, किती? "५ किलोचं वजन, ४९ न्यूटन." टेन्शन खरंच तेवढं असतं तर ५ किलोचं वजन खाली आलंच नसतं, कारण वर-खाली बरोबरी झाली असती. दोन वजनांच्या दोन स्वतंत्र एफबीडी काढा: टेन्शन ३६.८ न्यूटन, त्वरण २.४५. एकाच्या वजनापेक्षा कमी, दुसऱ्याच्या वजनापेक्षा जास्त. उत्तर त्या दोघांच्या मधे बसलं नाही तर आकडेमोड पुन्हा बघायची.

आणि फ्रेंच गणिती डालांबेर. १७४३ मध्ये त्यानं सांगितलेल्या रीतीत त्वरणाच्या उलट दिशेला जडत्व बल धरतात आणि प्रश्न समतोलाचा करून सोडवतात. रीत चांगली आहे, पण क्लासमध्ये एका दिवशी न्यूटन आणि दुसऱ्या दिवशी डालांबेर शिकवला की मुलं दोघांची मिसळ करतात. जडत्व बल आकृतीतही काढतात आणि उजवीकडे वस्तुमान गुणिले त्वरणही लिहितात. एकच गोष्ट दोनदा मोजली. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एकच रीत पक्की करावी, न्यूटनची.

"हे प्रत्यक्षात कुठे लागतं?" हे मागोमाग येतंच. पुण्यात राहून हे विचारावं लागू नये. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता घ्या. ट्रकसुद्धा इथे पार्टिकलच, म्हणजे सगळं वस्तुमान एका बिंदूत धरलेली वस्तू, कारण त्याचं स्वतःभोवती फिरणं आपण हिशेबात घेत नाही. उतार समजा शेकडा ४, चाकांचा रोधगुणांक (फिरताना होणारा रोध भागिले वजन) ०.०१, वेग ताशी ३६ किलोमीटर, आणि ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलला टाकली. उताराचे ०.०४ वजा रोधाचे ०.०१, म्हणून उताराच्या दिशेनं त्वरण ०.०३ गुणिले ९.८१, म्हणजे ०.२९. पायी चालताना जाणवणारही नाही इतकं. पण १ किलोमीटर उतरेपर्यंत वेग ताशी ९४ च्या आसपास. हवेचा विरोध धरला तर थोडा कमी.

मुलं हमखास म्हणतात, भरलेला ट्रक जास्त वेग घेईल. इथे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, ट्रक रिकामा असो की ४० टनांचा. फरक पडतो तो ब्रेकला. ४० टनांचा ट्रक त्याच ३६ च्या वेगावर धरून ठेवायला ११,८०० न्यूटन लागतात, म्हणजे ब्रेकमध्ये सतत ११८ किलोवॅट उष्णता. घरातले २ किलोवॅटचे ५९ गीझर एकदम चालू केल्यासारखं. ब्रेक तापत जातात आणि पकड सोडतात. खालच्या गिअरमध्ये ठेवलं तर आकृतीत इंजिनाचा रोध हा आणखी एक बाण येतो आणि ब्रेकवरचा भार तेवढा उतरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल, हे तर आता उलटंच आहे. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते जळतच राहतं.