डिस्क १०० टक्के, वेग शून्य: घरच्या पीसीच्या दुरुस्तीची नोंद

मशीन असं आहे: असेम्बल केलेला डेस्कटॉप, विंडोज १०, आठ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी) एक टीबी हार्डडिस्क. चालता चालता मध्येच हँग होतो. माऊसचा बाण फिरतो, पण क्लिकला काहीच दाद देत नाही. टास्क मॅनेजर कसाबसा उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. थोड्या वेळाने अडकलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि पाच-पंचवीस खिडक्या उघडतात.

सुरुवात नेहमीच्या संशयितांपासून केली. सिसमेन (आधीचं सुपरफेच), म्हणजे नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी विंडोजची सेवा, थांबवली; विंडोज सर्चचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी फाइलींची सूची बनवणं, थांबवलं. पीसी सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं हलकी झाली, पण हँग होणं तसंच राहिलं. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, कायमचा बंद करा, हा सल्ला खूपजण देतात. मला तो पटत नाही. त्याच्या स्कॅनची वेळ टास्क शेड्युलरमधून रात्रीवर ढकलता येते, तेवढं पुरे.

मग त्या १०० टक्क्यांकडेच नीट पाहिलं. तो आकडा 'ॲक्टिव्ह टाइम' आहे, म्हणजे त्या सगळ्या वेळात डिस्ककडे काही ना काही काम शिल्लक होतं. काम किती उरकलं, हे त्यातून कळत नाही. ७२०० आरपीएमला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो सेक्टर (डेटाचा छोटा कप्पा) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४ च्या आसपास. त्यात हेड सरकायचे ८-९ धरले तर विखुरलेल्या वाचनात सेकंदाला जेमतेम ७५-८० मागण्या पुऱ्या होतात. प्रत्येक मागणी ४ केबीची असेल तर वेग भरतो ३०० केबीच्या आसपास! म्हणजे १०० टक्के आणि वेग अर्धा एमबीसुद्धा नाही, हे ठणठणीत डिस्कवरही दिसू शकतं. खरा फरक कळतो तो 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम'मध्ये. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्क निवडली की तो खाली दिसतो.

हँग असताना माझ्याकडे तिथे काय होतं? वाचन शून्य, लेखन शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत. इथे कुठल्याही प्रोग्रामला बोल लावण्यात अर्थ नाही. मागणी गेली आहे आणि उत्तरच येत नाही.

मग विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, पाहिलं: विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. सोर्स 'स्टोरएएचसीआय' (विंडोजचा डिस्क ड्रायव्हर), इव्हेंट १२९, आणि वेळा नेमक्या हँग होण्याच्या. १२९ म्हणजे विंडोजने उत्तराची वाट पाहिली, ते आलं नाही, म्हणून डिस्कला रीसेट पाठवला. खराब ब्लॉकचा इव्हेंट ७ मात्र कुठेच नव्हता.

पुढे काही करायच्या आधी घरचे सगळे फोटो आणि कागदपत्रं एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घेतली. हे कुणीही टाळू नका. 'चेकडिस्क' या विंडोजच्या डिस्क-तपासणीला आर स्विच लावून चालवलं की ते अख्खी डिस्क वाचून काढतं. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर तो ताण शेवटचा ठरू शकतो.

आता स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये. ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (संशयास्पद सेक्टर), सी६ (न वाचता येणारे) तिन्ही शून्य. म्हणजे तबकड्यांवर संशय घ्यायला जागा नाही. पण सी७, म्हणजे सीआरसी एरर काउंट, शून्य नव्हता. तो वाढतो तेव्हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेतच डेटा बिघडलेला असतो, आणि बहुतेक वेळा दोष केबलचा निघतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे सॉफ्टवेअर रॉ (मूळ) आकडे आपोआप हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दाखवतं; सेटिंग बदलून दशमान करून घ्या. आणि सी७ कधी खाली येत नाही, त्यामुळे तो आहे की नाही यापेक्षा वाढतोय की नाही हे बघायचं. मोठं फोल्डर एक्स्टर्नलवर कॉपी केलं, आकडा वाढला.

पीसी बंद करून प्लग काढला आणि कॅबिनेट उघडलं. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल पॉवर सप्लायच्या वायरींमागे काटकोनात दुमडलेली होती आणि तिला क्लिपही नव्हती. क्लिपवाली नवी केबल लावली. पोर्ट मुद्दाम तोच ठेवला. दोन्ही एकदम बदललं असतं तर गुण कशाचा ते कळलं नसतं. तीच कॉपी पुन्हा केली: सी७ जागचा हलला नाही. तेव्हापासून १२९ची नोंदही नाही.

केबलने भागलं नसतं तर पुढचा संशय ड्रायव्हरवर होता. काही एएचसीआय कंट्रोलरवर (साटा डिस्क हाताळणारी चिप) स्टोरएएचसीआय ड्रायव्हर एमएसआय मोडमध्ये, म्हणजे काम झाल्याचा इशारा संदेशाने देण्याच्या पद्धतीत, असताना मागण्या अर्धवट राहतात. मायक्रोसॉफ्टनेच त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) त्या कंट्रोलरपुरतं 'एमएसआयसपोर्टेड' शून्य करायचा उपाय दिलेला आहे. माझ्याकडे त्याला हात लावलेला नाही.

सुरू झाल्यावर काही मिनिटं १०० टक्के अजूनही दिसतात, पण रिस्पॉन्स टाइम आता दोन आकडी असतो आणि पीसी हँग होत नाही. ही फिरत्या डिस्कची मर्यादा आहे, बिघाड नाही. सिसमेन आणि इंडेक्सिंग पुन्हा चालू केलंय. पुढच्या टप्प्यात साटा एसएसडीवर (फिरते भाग नसलेली डिस्क) सी ड्राइव्ह क्लोन करणार, म्हणजे जशीच्या तशी उतरवणार, आणि ही हार्डडिस्क फक्त डेटासाठी ठेवणार. क्लोनच्या आधी आणि नंतर सी७ पाहून तो आकडा इथेच लिहीन.