मेक्सिकोची रहस्यकथा: सातवं प्रकरण नव्याने

गेल्या नोंदीत लिहिलं होतं, मुलांसाठी लिहीत असलेल्या माझ्या रहस्यकथेचं गाडं सातव्या प्रकरणापाशी अडलंय. ते प्रकरण काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं. एकूण शब्द एकोणीस हजारांवरून सतरा हजारांवर आले, आणि मला त्याचा आनंदच आहे.

कथा थोडक्यात: मारिसोल, वय ११, पुएब्ला राज्यातल्या उइक्सकोलोत्ला गावची. नोव्हेंबर तोंडावर आलेला असताना आजोबांच्या छिन्न्या चोरीला जातात. जुन्या खर्ड्यात चोराचा माग ऐन रंगात आला की मी तीन पानं 'मृतांचा दिवस' हा गेलेल्या माणसांच्या आठवणीचा मेक्सिकन सण समजावत बसले होते. १ नोव्हेंबर गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा, घरात मांडतात ती ओफ्रेंदा (गेलेल्यांसाठीची नैवेद्याची मांडणी), साखरेच्या कवट्या, सगळं. दहा वर्षांच्या भाचीला वाचायला दिलं. तिने ती तीन पानं एकदम उलटली आणि विचारलं, "मावशी, छिन्न्यांचं काय झालं?"

त्या प्रश्नाने मला वाट दाखवली. चोर सापडायचा तर तो त्या कलेतूनच सापडायला हवा.

उइक्सकोलोत्ला हे पापेल पिकादोचं, म्हणजे कोरीव कागदी पताकांचं गाव. पातळ रंगीत कागदांची चळत लावायची, वर नक्षीचा कागद, आणि हातोडीने छिन्नी ठोकत पन्नासेक ताव एकदम कोरायचे. वाचून कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. म्हणून संक्रांतीचे उरलेले पतंगाचे वीस ताव घेतले, खाली जाड फळी ठेवली आणि घरातली जुनी पटाशी काढली. तिच्या धारेचा एक बारीक टवका उडालेला आहे. कवटीचा डावा डोळा ठोकला आणि ताव सुटे केले. वरचे स्वच्छ कापले गेले होते, तळाचे कडेला फाटले होते. पण विसाच्या वीस कागदांवर, डोळ्याच्या त्याच काठाला, तिळाएवढा न कापलेला कागदाचा दाता तसाच राहिलेला! खिडकीपाशी एकेक ताव उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. आता मारिसोलला मेक्सिको सिटीच्या बाजारात पताकांची माळ दिसते, तिथल्या कवटीच्या डोळ्यात तो दाता असतो, आणि आजोबांची टवका उडालेली छिन्नी कुठे चालतेय ते तिला उमगतं.

शहरातलं दुसरं प्रकरण मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या, शहरातल्या आलामेदा बागेच्या भित्तिचित्रासमोर घडतं. हे चित्र त्याने १९४७ मध्ये एका हॉटेलसाठी रंगवलं. मधोमध कात्रिना, म्हणजे पोसादा या जुन्या मेक्सिकन चित्रकोरक्याच्या चित्रातून आलेली टोपीवाली सांगाड्याची बाई, आणि तिचा हात धरलेला लहानगा दिएगो. चित्रातल्या इग्नासियो रामिरेस या एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाच्या हातातल्या कागदावर 'देव नाही' असे शब्द होते. त्यावरून इतकं वादळ उठलं की चित्र कित्येक वर्षं झाकून ठेवलं, आणि १९५६ मध्ये रिवेराने स्वतःच ते शब्द बदलले. १९८५ च्या भूकंपात हॉटेलचं नुकसान झालं, चित्र वाचलं आणि बागेजवळच्या संग्रहालयात गेलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या चित्रात एक वाक्य पुसलेलं आहे, हे मारिसोलला तिथे कळतं. पुढे आजोबांच्या जुन्या नक्षीकडे ती त्याच नजरेने बघते.

एक निर्णय सांगायचा राहिला. सेम्पासूचिल हा झेंडूसाठीचा तिकडचा शब्द एकदाच ठेवला, पुढे सगळीकडे झेंडू. झेंडू मुळात तिकडचाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो नंतर आला. मात्र तिथे पाकळ्यांची वाट दारापासून ओफ्रेंदापर्यंत घालतात, त्या वासाने आणि रंगाने गेलेली माणसं घर ओळखतात. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पटकन दसरा उभा राहणार, म्हणून तो वास रात्रीच्या प्रसंगात आणलाय, कोपाल या धुपासारख्या राळेच्या धुरासोबत, मारिसोल आजीच्या फोटोजवळ बसलेली असताना.

पुढच्या महिन्यात आठवं आणि नववं प्रकरण. तोवर कुणी छिन्नीने कागद कोरला असेल तर सांगा: तळाचे ताव फाटू नयेत म्हणून फळीवर काय घालता?