तिसऱ्या नळीतला आकडा

त्या सकाळी सायकलवर बसायला आले होते ते एसटीतले कंडक्टर, वय 54. व्यायामाने प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये काय घडतं, हे आमच्या प्रयोगशाळेत एकेक पेशी सुटी करून पाहतो. एकाच माणसाचं रक्त तीनदा घ्यायचं: आधी शांत बसलेलं असताना, मग जागच्या सायकलवर पूर्ण दमछाक झाल्याक्षणी, आणि त्यानंतर तासाभराने. डॉक्टर शेजारी, छातीवर ईसीजीच्या तारा. दुसऱ्या नळीला उशीर झालेला चालत नाही, कारण पाय थांबले की काही मिनिटांतच रक्तातलं चित्र बदलू लागतं.

रक्त फायकॉल नावाच्या दाट द्रवावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. शेवटी यंत्राला ब्रेक लावायचा नाही, आपोआप थांबू द्यायचं. नाहीतर थर ढवळले जातात. पिवळसर प्लाझ्माखाली प्रतिकारशक्तीच्या पेशींचं एक दुधी कडं दिसतं. आमचं सगळं काम त्या कड्यावर.

एनके पेशी म्हणजे विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी. दुसऱ्या नळीत त्या जवळजवळ चौपट झाल्या होत्या. हे अपेक्षितच होतं. ॲड्रेनॅलिन वाढलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकलेल्या, प्लीहेत थांबलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. तिसऱ्या नळीत मात्र आकडा पहिल्याच्याही खाली.

काकांनी तो स्क्रीनवर पाहिला. चेहरा उतरला.

"मॅडम, खरं सांगा. व्यायामानं प्रतिकारशक्ती कमी झाली का? बायकोला शुगर आहे. तिला रोज मीच ओढून टेकडीवर नेतो."

त्यांची भीती खुळी नव्हती. 1987च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांनी सर्दी-तापाच्या तक्रारी जास्त सांगितल्या होत्या, आणि जोरदार व्यायामानंतर शरीराचं दार काही तास उघडं पडतं असं पुढे कित्येक वर्षं शिकवलं गेलं. पण त्या तक्रारी धावपटूंनी स्वतः सांगितलेल्या होत्या, तपासून पाहिलेल्या नव्हत्या. शिवाय 2008 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात खुणा केलेल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका प्रकारच्या पेशी, व्यायामानंतर फुप्फुसांत, अस्थिमज्जेत आणि आतड्यातल्या लसिका-ऊतीत सापडल्या. माणसात इतका सरळ माग काढणं अवघड. आपल्या हाती बहुधा रक्तच येतं. म्हणून रक्तात दिसत नाहीत म्हणजे मेल्या, असं आपण धरून चालतो.

मी हे सांगत होते आणि काका मध्येच म्हणाले, "म्हणजे सकाळी नऊला डेपो रिकामा दिसतो तसं. गाड्या काय भंगारात गेल्या नसतात, रूटला गेलेल्या असतात."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

एकेका पेशीचं वाचन हाती यायला बरेच दिवस लागले. तेलातल्या सूक्ष्म थेंबात एक पेशी आणि तिच्यासोबत सांकेतिक खूण असलेला एक मणी अडकवतात, म्हणजे कुठला आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, कुठल्या पेशीचा ते कळतं. काकांच्या दुसऱ्या नळीत गर्दी होती ती पर्फोरिन आणि ग्रँझाइम या मारक प्रथिनांची जनुकं जोरात चालू असलेल्या, मारायला तयार असलेल्या एनके पेशींची. तिसऱ्या नळीत नेमक्या त्याच विरळ झाल्या होत्या. सरसकट ओहोटी असती तर सगळेच प्रकार सारख्या प्रमाणात घटले असते. नुसत्या मोजणीत हा फरक बुडून जातो, आणि म्हणूनच हे महागडं, जिकिरीचं काम मला करावंसं वाटतं.

सहभागी माणसाला कागद देताना तिसरा आकडा आम्ही आता सुटा देत नाही. तिन्ही आकडे वेळेसकट एकत्र देतो, समोर बसून समजावतो. काकांनी टेकडी सोडलेली नाही. पुढच्या टप्प्याला बायकोला आणू का, असं त्यांनी विचारलं होतं. मधुमेह असलेल्यांना घ्यायची परवानगी आमच्याकडे नाही. तो गट हवा, असा अर्ज मी नीतिमत्ता समितीकडे दिला आहे.